पूर्ण किमतीचे पुस्तक

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी मोठ्या समाधानाने सांगितले की ४०० रुपयांचे पुस्तक मोबाईलवरून २८० रुपयांत आणि तेही घरपोच मिळाले, तेव्हा मी नुसते ‘अरे वा’ म्हणून विषय बदलला. आईच्या ते लक्षात आले असणारच. तेव्हा जे बोलता आले नाही ते आज लिहिते आहे.

इथे जर्मनीत, लाइपझिगमध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी, आपल्या हॉलपेक्षा फार मोठे नसलेले, पुस्तकांचे एक दुकान आहे. मालकीणबाई साठीच्या पुढे गेलेल्या आहेत. स्वतः वाचलेल्या पुस्तकांना त्या हाताने लिहिलेली चिठ्ठी लावतात, आणि एखादे पुस्तक मध्यानंतर रेंगाळते असे वाटले तर तेही चिठ्ठीत स्पष्ट लिहितात. हवे ते पुस्तक दुकानात नसले तर संध्याकाळी घाऊक विक्रेत्याकडे मागणी नोंदवतात, रात्रीतून त्यांची गाडी येते, आणि सकाळी माझ्या नावाची चिठ्ठी खोचलेले पुस्तक काउंटरमागच्या फळीवर उभे असते. मला सर्वांत नवल वाटले ते किमतीचे. मोठ्या ऑनलाइन कंपनीकडे, रेल्वे स्टेशनवर आणि या बाईंकडे नव्या पुस्तकाची किंमत सेंटापर्यंत एकच असते, कारण प्रकाशकाने ठरवलेल्या किमतीपेक्षा ते स्वस्त विकण्याची कायद्यानेच कोणाला मुभा नाही. जर्मन पुस्तक-व्यावसायिकांची संघटना १८२५ साली याच शहरात स्थापन झाली. एकाच किमतीची पद्धत १८८८ पासून व्यापाऱ्यांच्या आपसांतल्या नियमाने चालत आली आणि २००२ मध्ये तिचा कायदा झाला. फ्रान्समध्येही १९८१ च्या कायद्यानुसार पाच टक्क्यांहून अधिक सवलत देता येत नाही. डाग पडलेली किंवा कोपरा दुमडलेली प्रत मात्र कडेवर शिक्का मारून स्वस्तात विकता येते, आणि खरे सांगायचे तर दुकानात शिरल्यावर माझी नजर आधी त्याच खोक्याकडे वळते. शेवटी मुलगी मी बाबांचीच.

बाबा लगेच म्हणतील की मुंबईच्या स्ट्रँड या पुस्तकांच्या दुकानाचे मालक शानभागही वीस टक्के सवलत देत होते. ते मला ठाऊक आहे. कुलाब्याच्या स्ट्रँड सिनेमात १९४८ साली सुरू झालेले आणि पुढे फोर्टमध्ये गेलेले ते दुकान, बँकेच्या फोर्ट शाखेत नोकरीला असताना जेवणाच्या सुट्टीत डबा अर्धा ठेवून बाबा गाठत असत, हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. पण ती सवलत समोरच्या माणसाने पुस्तक विकत घ्यावे म्हणून पुस्तकवेड्या माणसाने दिलेली होती; शेजारचे दुकान बंद पडावे हा तिचा हेतू नव्हता. २०१८ च्या फेब्रुवारीत स्ट्रँड बंद झाले तेव्हा बाबा दिवसभर फारसे बोलले नव्हते, हे मला आईनेच सांगितले होते.

आपल्याकडे प्रकाशनपूर्व सवलत आणि प्रदर्शनांतली सवलत यांवर मराठी पुस्तकांची निम्मी उलाढाल चालते असे वाटावे इतकी सवय आपल्याला झालेली आहे, त्यामुळे इथला कायदा उचलून तिकडे लावावा असे मी म्हणणार नाही. परंतु दुकानदाराला प्रकाशकाकडून जे कमिशन मिळते त्यातूनच गाळ्याचे भाडे, मुलांचे पगार, वीज आणि वर्ष वर्ष न खपणाऱ्या पुस्तकांत अडकलेला पैसा निघायचा असतो. त्याने ३० टक्के सोडले तर त्याच्या हाती काय उरणार, हा हिशेब बँकेत आयुष्य घालवलेल्या माणसाला मी काय समजावून सांगावा?

आणि आता माझा गुन्हा. मागच्या वर्षी पुण्याला आले होते तेव्हा अप्पा बळवंत चौकातल्या आपल्या नेहमीच्या दुकानात मी तासभर पुस्तके चाळली, काकांना वरच्या फळीवरची दोन पुस्तके शिडी लावून काढायला लावली, त्यांच्या मुखपृष्ठांचे मोबाईलवर फोटो घेतले, ‘पुन्हा येते’ म्हणाले, आणि रिक्षातच ती दोन्ही ऑनलाइन मागवली. काकांनी मला फोटो काढताना पाहिले होते. ते काही बोलले नाहीत. फडक्याने धूळ झटकून पुस्तके पुन्हा जागेवर लावू लागले. याच माणसाने शाळेच्या दिवसांत माझी पुस्तके बाबांच्या नावे उधारीच्या वहीत लिहून, जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळीने बांधून माझ्या हाती दिली होती, आणि पैशांसाठी एकदाही घरी निरोप पाठवला नव्हता.

बाबांच्या गुडघ्यांमुळे चौकापर्यंत जाणे आता जमत नाही, हे मला समजते. पण काकांचा नंबर आईच्या फोनच्या डायरीत आहे, त्यांच्याकडचा मुलगा पेठांमध्ये पुस्तके पोचवतो, आणि फोनवर ‘नवीन काय आले आहे’ असे विचारले की ते दहा मिनिटे बोलतात, जे मोबाईलमधल्या कोणत्याही यादीला जमणार नाही. पुढचे पुस्तक त्यांच्याकडूनच मागवा. सवलत मागू नका. वरचे पैसे मी दर महिन्याला पाठवीन, आणि बाबांनी त्यावर भांडू नये. आई, तू फोन करशील तेव्हा सोबतच्या कागदावरची दोन नावे त्यांना वाचून दाखव आणि त्या दोन्ही प्रती पूर्ण किमतीला माझ्या नावाने काढून ठेवायला सांग. माझ्याकडे ती पुस्तके आहेत, हे त्यांना सांगितलेस तरी चालेल. डिसेंबरमध्ये आले की मी स्वतः जाऊन घेईन.

तुमची,
लेक