निरोप अडतो तो बहुतेक आपल्याच गावात

संपादक महोदय,

स. न. वि. वि.

मे २०२५ मध्ये ऑपरेशन सिंदूरच्या वेळी रजेवर आलेले जवान तडकाफडकी परत बोलावले गेले आणि बुलढाणा-अकोला-वाशीमकडे घरोघरी एकच तक्रार सुरू झाली : पोराचा फोन लागत नाही. आम्ही सहीखालची मंडळी काही फौजेतून, काही डाक खात्यातून निवृत्त झालेलो. आमचं म्हणणं एवढंच की निरोप सीमेवर अडतो त्याहून जास्त वेळा तो आपल्या गावात अडतो, आणि गावातलं दुरुस्त करणं आपल्या हातात आहे.

हालचाल सुरू झाली की युनिटमध्ये मोबाइल जमा करतात किंवा बंद ठेवायला सांगतात. दोन-चार दिवस शांतता असेल तर तो शिस्तीचा भाग समजावा. शिवाय जम्मू-काश्मीरमध्ये बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड चालतं. तिकडे बदली झाल्यावर महाराष्ट्राचा नंबर बंद लागतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता घरचा फोन. जवानाचा कॉल बहुधा अनोळखी नंबरवरून येतो, आणि नेमका तोच आपला फोन गिळतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या प्रायव्हसीत ‘सायलेन्स अननोन कॉलर्स’ असतं, ते बंद करा. फोनमधला स्पॅम फिल्टर आणि ट्रूकॉलरचं आपोआप ब्लॉक करणंही तेवढ्या काळापुरतं काढा. ‘मायच्या फोनला इनकमिंगच तर लागते’ म्हणून रिचार्ज टाळतात. मुदत संपली की आधी आउटगोइंग जातं, मग काही दिवसांत इनकमिंगही. मग पोरगा तिकडून लावत राहतो आणि काळजी त्याला लागते.

वादळात लाइन गेली की टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत बसतात. त्यावर आपला इलाज नाही, पण स्वतःचा फोन तरी जिवंत हवा. १०,००० एमएएचचा पॉवर बँक ५,००० एमएएचचा फोन दोनदा भरेल असा हिशेब लोक करतात. गळती धरता तो दीडेक वेळाच भरतो. त्यापेक्षा एक साधा कीपॅड फोन बरा, तीन-चार दिवस सहज निघतात. मात्र जुन्या टूजी हँडसेटमध्ये जिओचं सिम चालत नाही. एअरटेल, व्हीआय किंवा बीएसएनएलचं लागेल, आणि त्याची रेंज घरात धरते की पाण्याच्या टाकीपाशी, हे आधीच पाहून ठेवावं. मेळघाटातल्या गावांना हे सांगायची गरज नाही. डेटा नसतानाही एसएमएस जातो. रेंजची एकच काडी असताना व्हिडिओ कॉलचा हट्ट धरला, की चाक फिरत राहतं आणि त्याला मिळालेली पाच मिनिटं संपतात.

सॅटेलाइट फोनची गोष्ट निराळी. बीएसएनएलच्या या सेवेचा जवानांसाठीचा दर २०१७ च्या दिवाळीत मिनिटाला ५ रुपयांवरून १ रुपयावर आला, पण एका फोनमागे रांग असते. आवाज सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहावरून फिरून येतो. आपण बोललेलं पोचून उत्तर यायला अर्ध्या सेकंदाहून अधिक लागतं. तेवढ्यात घाईने ‘हॅलो, हॅलो’ केलं की दोघांचंही बोलणं कापलं जातं. एकाने बोलावं, थांबावं, मग ऐकावं. फोन घरभर फिरवू नये. सांगायच्या तीन गोष्टी (मायची तब्येत, पैसे मिळाले का, पेरणीचं काय) कागदावर लिहून फोनजवळ लावाव्यात. ‘कुठी आहेस रे बाबू?’ हा प्रश्न विचारूच नये. जेवला का, ते विचारा.

पत्राला आज कोणी मोजत नाही, पण मोबाइल जमा असतानाही डाक चालू असते. अडीच रुपयांचं आंतरदेशीय पत्र बंकरपर्यंत जातं, फक्त पत्ता बरोबर पाहिजे. आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी किंवा (तोफखान्यात असेल तर) बॅटरी, युनिट, केअर ऑफ ५६ एपीओ किंवा ९९ एपीओ (एपीओ म्हणजे आर्मी पोस्ट ऑफिस), आणि ९ ने सुरू होणारा सहा आकडी पिन. एवढंच. ५६ ची डाक दिल्लीच्या आणि ९९ ची कोलकात्याच्या बेस पोस्ट ऑफिसातून फुटते. पिन जागेचा नसून युनिटचा असतो. युनिट हललं तरी तोच राहतो. म्हणून पत्त्यात ‘श्रीनगर’ किंवा ‘लेह’ लिहिणं ही सर्वात नेहमीची आणि सर्वात महागात पडणारी चूक. पत्र साध्या डाकेत शिरून भटकतं, आणि पोरगा कुठे आहे ते वाटेतल्या प्रत्येकाला कळतं. मात्र जवान स्वतःचं युनिट सोडून राष्ट्रीय रायफल्समध्ये गेला असेल तर युनिटच बदलतं, म्हणून पिनही बदलतो. जुन्या पिनवर टाकलेलं पत्र फिरून पोचतं, पण त्यात आठवडे जातात. सैनिकी डाकेचं केंद्र आपल्याच कामठीत असूनही हे नियम आपल्याकडे फारसे माहीत नाहीत, याचं नवल वाटतं.

प्रत्येक पत्रावर तारीख आणि अनुक्रमांक टाकावा, कारण पत्रं मागेपुढे मिळतात. ‘बाबा दवाखान्यातून घरी आले’ हे आधी वाचलं आणि ‘भरती केलं’ हे नंतर, तर जीव टांगणीला लागतो. जेल पेनची शाई पावसात पसरते, साधं बॉलपेन वापरा. खाजगी कुरिअर एपीओच्या पत्त्यावर पोचवत नाही. स्पीड पोस्टचं ट्रॅकिंग बऱ्याचदा बेस पोस्ट ऑफिसपाशी थांबतं. पार्सल हरवलं असं लगेच धरू नका. पार्सल कापडात शिवावं आणि पत्त्याची दुसरी चिठ्ठी आत टाकावी. तेलाचं लोणचं नको. बरणी फुटली की सोबतच्या दहा जणांची पत्रं खराब होतात. राखी तीन आठवडे आधी टाकावी.

घरात एका चिठ्ठीवर आर्मी नंबर, युनिट, पिन आणि रेकॉर्ड ऑफिस (जवानाच्या नोकरीची कागदपत्रं ठेवणारं कार्यालय) लिहून ती रेशन कार्डासोबत ठेवावी. महार रेजिमेंटचं सागरला, मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, गार्ड्सचं कामठीला, तोफखान्याचं नाशिक रोडला. लग्न, मूल यांची ‘पार्ट टू ऑर्डर’, म्हणजे लष्करी कागदावरची नोंद, निघाली की नाही आणि कागदावर घरचा चालू नंबर आहे की नाही, हे जवानाने रजेवर येण्यापूर्वीच पाहावं. आपल्याकडे स्वस्त पॅकसाठी सिम बदलतं आणि युनिटला कोणी कळवत नाही. सीआरपीएफ, बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतात. त्यांचा पत्ता आणि नियंत्रण कक्षाचा नंबर वेगळा लिहून घ्यावा.

‘मुलगा जखमी आहे, ताबडतोब पैसे टाका’ असा फोन आला तर तो खोटाच. जखमी जवानाचा इलाज लष्करी इस्पितळात सरकारी खर्चाने होतो. कोणी ‘साहेब’ बनून युनिटचं नाव विचारत असेल, तर जो खरंच युनिटचा आहे त्याला ते माहीत असतं. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करावा, आणि खरंखोटं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारावं.

जवान शत्रूच्या ताब्यात सापडला तरी निरोपाची वाट कायद्याने खुली राहते. १९४९ च्या तिसऱ्या जिनिव्हा करारानुसार छावणीत पोचल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी कार्ड पाठवू द्यावं लागतं. पुढे महिन्याला किमान दोन पत्रं आणि चार कार्डं, तीही बिनहशिलाची. घरच्यांनी उत्तरात फक्त घरची खुशाली लिहावी. ते पत्र वाटेत उघडून वाचलं जातं.

शेवटी एक तक्रार वर्तमानपत्रांबद्दल. तणाव असला की तालुक्याच्या पानावर जवानाचा फोटो, युनिट, सेक्टर आणि तो कोणत्या गाडीने गेला हेसुद्धा छापून येतं. माय-बापाला कौतुक वाटतं, म्हणून तेच सगळं सांगतात. गाळायचं काम वार्ताहराचं. युनिट, ठिकाण आणि प्रवासाची तारीख छापू नये, आणि जखमी वा शहीद जवानाचं नाव अधिकृत कळवणी झाल्याखेरीज देऊ नये. त्या जागेत जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन नंबर छापावा, आणि तो बदलला की पुन्हा छापावा.

आपले,
काही माजी सैनिक व निवृत्त डाक कर्मचारी,
ता. मेहकर, जि. बुलढाणा