मॉस्कोनी कप आणि अमेरिकेची हार: मित्रास पत्र

पुणे,
रविवार

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. शेन व्हॅन बोनिंगसारखा खेळाडू हाताशी असूनही अमेरिका मॉस्कोनी कपात, म्हणजे पूलमधल्या अमेरिका विरुद्ध युरोप या सांघिक लढतीत, सारखी का हरते, आणि तिथे खेळतात त्या नाइन-बॉल या पूलच्या प्रकारात सगळा नशिबाचाच खेळ आहे का, हे दोन्ही प्रश्न तू एकत्र विचारलेस ते बरं झालं. पहिल्याचं उत्तर दुसऱ्यातूनच निघतं. जरा सविस्तर लिहितो, चहा घेऊन बस.

आधी आकडे. १९९४ साली इंग्लंडमधल्या रॉमफर्डला ही स्पर्धा सुरू झाली. आदल्या वर्षी वारलेल्या विली मॉस्कोनी या अमेरिकी दिग्गजाचं नाव तिला दिलं. २००९ पर्यंतच्या १६ स्पर्धांपैकी ११ अमेरिकेने जिंकल्या, ४ युरोपने, आणि २००६ ची रॉटरडॅमची स्पर्धा १२-१२ अशी बरोबरीत सुटली. पुढे पारडं फिरलं ते असं की २०१० ते २०२४ या १५ वर्षांत युरोपने १३ कप नेले. २०१३ मध्ये तर लास वेगासला, म्हणजे अमेरिकेच्या घरच्या अंगणात, निकाल ११-२ लागला. अमेरिकेच्या वाट्याला आली ती फक्त २०१८ आणि २०१९.

लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधले प्रेक्षक फार आरडाओरडा करतात, त्याने अमेरिकी पोरं बिचकतात, असं कारण पुष्कळदा ऐकायला मिळतं. मला ते पटत नाही. युरोप लास वेगासला २०११, २०१३, २०१५, २०१७ आणि २०२२ मध्ये जिंकला, आणि २०२४ ला ऑर्लँडोलाही जिंकला. उलट अमेरिकेने २०१८ चा कप त्याच अलेक्झांड्रा पॅलेसमध्ये उचलला. तेव्हा आवाजाचा मुद्दा बाजूला ठेवू.

आता नशिबाचं. मॉस्कोनी कपात एक सामना पाच रॅकचा; रॅक म्हणजे ९ नंबरचा बॉल पडेपर्यंतचा एक डाव. आधी पाच रॅक जिंकेल त्याला एक गुण आणि आधी अकरा गुण करेल त्याचा कप. पाच रॅक म्हणजे फारच थोडे. एखादा फ्लूक, एखादा कोरडा ब्रेक, म्हणजे सुरुवातीच्या फटक्यावर एकही बॉल न पडणं, की सामना हातचा गेला. पण गणित करून बघ. समजा युरोपची प्रत्येक रॅक जिंकण्याची शक्यता शंभरात ५३ आहे, म्हणजे फरक नावालाच. तरी पाच रॅकचा सामना ते शंभरात ५७ वेळा जिंकतात, आणि तसे सामने अकरा गुणांपर्यंत खेळले की कप शंभरात ७५ वेळा त्यांचा. ५३ च्या जागी ५५ धर, तर सामना ६२ आणि कप ८७ वर जातो. रॅकमागचा इवलासा फरक चार दिवसांत असा फुगतो. एका सामन्यात नशीब आडवं येतं, पण वीस सामन्यांत ते पुरत नाही. म्हणून शोधायचा तो दर रॅकमागचा दोन-चार टक्क्यांचा फरक. अमेरिकी खेळाडू पॉटिंगमध्ये, म्हणजे बॉल पॉकेटात घालण्यात, तसूभरही कमी नाहीत, हे मी ठामपणे म्हणतो. फरक आहे तो पॉट करता येत नाही तेव्हाच्या खेळात.

सेफ्टी घे, म्हणजे पॉट न करता समोरच्यापासून बॉल लपवणं. तू स्नूकर खेळतोस, तुला हे लगेच कळेल. नाइन-बॉलमध्ये सगळ्यात लहान नंबरचा बॉल आधी लागला पाहिजे. नाही लागला तर समोरच्याला बॉल इन हँड, म्हणजे पांढरी (क्यूने मारायचा बॉल) हवी तिथे ठेवायची मुभा, आणि या दर्जाच्या खेळाडूच्या हातात पांढरी गेली की बहुतेक रॅक गेलाच. त्यामुळे लपवणं हे स्नूकरपेक्षाही जास्त मोलाचं. पण किती लपवलं याला माप आहे. पांढरी आणि वाट अडवणारा आडवा बॉल यांच्यात फट दीड सेंटिमीटरची असेल तर समोरच्याला जवळपास १०५ अंशांचा पट्टा सरळ मारता येत नाही. तीच फट २५ सेंटिमीटरची झाली तर बंद पट्टा जेमतेम २१-२२ अंशांचा उरतो, आणि एक कुशन, म्हणजे टेबलाची रबरी कड, घेऊन तो सहज सुटतो. बॉल दोन्ही वेळा ५७ मिलिमीटरचाच आहे. बदलतं ते फक्त अंतर. म्हणून युरोपचे खेळाडू सेफ्टी खेळताना ऑब्जेक्ट बॉल, म्हणजे पांढरी ज्याला लागते तो बॉल, कुठे जातोय याची चिंता नंतर करतात. आधी पांढरी आडव्या बॉलला जवळजवळ चिकटवतात. त्यासाठी भरीव, म्हणजे बॉलच्या मध्यावर, स्टनने मारायचं: पांढरी जिथल्या तिथे थांबते, ऑब्जेक्ट बॉल दूरच्या आखूड कुशनकडे निघून जातो. पातळ मारलं तर उलटं होतं. पांढरी लांब धावते आणि तिच्यावरचा ताबा सुटतो. गेल्या दशकातल्या कितीतरी सामन्यांत अमेरिकी खेळाडूने पातळ सेफ्टी मारली, पांढरी हातभर पुढे गेली आणि समोरच्याला एक फट दिसली. बघणाऱ्याला वाटतं, काय नशीब! पण चूक आधीच्या फटक्यात झालेली असते.

याची दुसरी बाजू किक, म्हणजे कुशन घेऊन लपलेला बॉल मारणं. टेबलाच्या कडेवर जे हिरे असतात ना, दर दोन पॉकेटांमध्ये तीन, ते शोभेचे नाहीत. तीन कुशनच्या किकचा जुना हिशेब असा: पांढरी कोपऱ्याच्या रेषेतून निघत असेल तर तिचा आकडा ५. तिसऱ्या कुशनवर तिला २ वर पोचवायचं असेल तर ५ उणे २, म्हणजे पहिल्या कुशनवर ३ चा हिरा धरायचा, धावती साइड, म्हणजे जायच्या दिशेची फिरकी, देऊन. पण नुसता बॉल लागून भागत नाही. तो लागल्यावर काय उघडं राहतं, ते वजनावर, म्हणजे फटक्याच्या जोरावर, ठरतं. चांगल्या किकने बॉल लागतो आणि पांढरी पुन्हा कशाच्या तरी मागे जाते, म्हणजे पेच उलटा समोरच्याच्याच गळ्यात. हे अंदाजाने येत नाही. एकच किक पन्नासदा मारावी लागते, तेव्हा त्या कापडावरचं वजन हाताला कळतं.

मग अमेरिकेत हे कमी का शिकवलं जातं? तिथला सामान्य खेळ उभा राहिला तो बारमधल्या नाणं टाकायच्या सात फुटी टेबलावर. छोटं टेबल, अंतर कमी, त्यामुळे बहुतेक बॉल पॉट होतात आणि सेफ्टीची लढाई लांबत नाही. लीगमध्ये हँडिकॅपचा एट-बॉल. आणि वरच्या पातळीवर पैशांचे सामने. दोघे तीन दिवस १०० रॅकपर्यंत खेळतात, घड्याळ नाही, घाई नाही; पहिल्या दिवशी १५ रॅकने मागे पडलात तरी भरून काढता येतं. अशा खेळात ताकदवान आणि धीराचे खेळाडू घडतात, ते मी मानतो. पण मॉस्कोनी कपात फटक्याला ३० सेकंद आणि सामना पाच रॅकचा. सरावाच्या टेबलावरून उठून प्रकाशात गेलं की पहिल्याच फटक्यापासून पूर्ण खेळ लागतो. हात बसेपर्यंत सामना संपलेला असतो.

युरोपात क्लब, लीग आणि राष्ट्रीय महासंघ. जर्मनीच्या बुंडेसलिगात संघ म्हणून खेळताना मुलगा १४.१, एट-बॉल, नाइन-बॉल, टेन-बॉल असं सगळं खेळतो. १४.१ म्हणजे कुठलाही बॉल पॉट करत गुण जमवायचा पूलचा जुना प्रकार; त्याने पांढरीचा ताबा आणि गठ्ठा फोडण्याची समज येते. शिवाय परीक्षा आहेत: राल्फ एकर्ट वगैरेंनी बसवलेली प्लेइंग अ‍ॅबिलिटी टेस्ट, जिथे ठरावीक फटके ठरावीक वेळा मारून गुण मिळतात आणि कच्चा भाग लपवता येत नाही. त्यात युरो टूर १९९२ पासून चालू आहे; वर्षभर वेगवेगळ्या देशांत, अनोळखी टेबलांवर, आज पोलंडचा उद्या स्पेनचा प्रतिस्पर्धी. मग राल्फ सूके, नील्स फेयेन, आल्बिन औशान, जोशुआ फिलर, जेसन शॉ अशी माळच तयार होते. यातला कोणीही बाहेर बसला तरी दुसरा तितकाच भारी. फिलर २०१७ मध्ये विशीत पहिल्यांदा आला आणि थेट सर्वोत्तम खेळाडू ठरला, पुढच्या वर्षी जगज्जेता झाला. अमेरिकेच्या संघात पहिले दोघे त्याच तोडीचे, पण तिसऱ्यापासून घसरण सुरू होते.

डबल्समध्ये हे अगदी उघडं पडतं. दोन जोडीदार आळीपाळीने मारतात. म्हणजे मी पॉट करतो तेव्हा पांढरी माझ्यासाठी ठेवायची नसते, तुझ्यासाठी ठेवायची असते. तू उंचीने कमी असशील तर टेबलाच्या मधोमध ठेवून तुला रेस्ट, म्हणजे क्यू टेकवायची आधाराची काठी, घ्यायला लावणं चूक. तुला थोडा कोन आवडत असेल तर सरळ रेषेत ठेवणंही चूक, कारण सरळ फटक्याने पांढरी पुढच्या बॉलकडे सहज नेता येत नाही. एकेकट्याने पैशांचे सामने खेळत वाढलेल्या माणसाला ही सवय कुठून असणार? पॉकेटही अलीकडे ४ इंचांच्या आसपासची आलीत. साडेचार इंचांच्या पॉकेटात दोन बॉल शेजारीशेजारी बरोबर मावतात. ४ इंचांत मावत नाहीत. जोडीदाराने चार बोटं चुकीच्या बाजूला पांढरी ठेवली तर कुशनलगतचा बॉल जबड्यात खडखडून बाहेर येतो.

ब्रेकबद्दल थोडंच. आता ९ नंबर स्पॉटवर, म्हणजे टेबलावरच्या खुणेवर, ठेवून रॅक (सुरुवातीची बॉलची मांडणी) लावतात, म्हणजे पूर्वी १ नंबर त्या खुणेवर असायचा त्यापेक्षा अख्खा रॅक जवळपास १० सेंटिमीटर पुढे, ब्रेक करणाऱ्याच्या दिशेने येतो. पूर्वी कडेचा बॉल हलक्या ब्रेकनेही कोपऱ्यात जायचा, त्याची वाट त्यामुळे बदलली. व्हॅन बोनिंगचा ब्रेक जगात नावाजलेला, तरी या मांडणीत नुसत्या जोराला भाव राहिला नाही. कुठल्या जागेवरून मारला, कुठला बॉल पडला, पांढरी कुठे थांबली, हे रोज वहीत लिहिणारा पुढे जातो.

माझ्या म्हणण्याचा सगळ्यात मोठा पुरावा मात्र योहान राउसिंकचा. हा डच माणूस आधी युरोपचा कप्तान, २०१४ पर्यंत त्यांना कप जिंकून देणारा. २०१७ ला अमेरिकेने त्यालाच कप्तान केलं. पहिल्या वर्षी ११-४ ने हरले. पण पुढच्या वर्षी ११-९ आणि त्याच्या पुढच्या वर्षी ११-८ ने जिंकले, आणि दोन्ही वेळा स्कायलर वुडवर्ड सर्वोत्तम ठरला. व्हॅन बोनिंग, वुडवर्ड, बिली थॉर्प, टायलर स्टायर हे चौघे दोन्ही वर्षी तेच. देशात कुठे नवी पिढी उगवली नव्हती. एका माणसाने त्याच खेळाडूंना संघासारखं उभं केलं. त्याने कप्तानपद सोडल्यावर २०२० ला अमेरिका ११-३ ने हरली.

आणि एकट्या ताऱ्याने काही होत नाही, हेही बघ. व्हॅन बोनिंग २०२२ ला जगज्जेता झाला, त्याच वर्षी अमेरिका ११-७ ने हरली. फेदोर गोर्स्ट २०२४ चा जगज्जेता. पूर्वी युरोपकडून खेळलेला हा मुलगा त्या वर्षी अमेरिकेकडून उतरला. निकाल ११-६, युरोप. मला त्या पोरांचं मनापासून वाईट वाटतं, कारण कसर मेहनतीत नाही. पाच माणसांना वर्षभर एकत्र ठेवणारी घडीच तिथे नाही, आणि नोव्हेंबर-डिसेंबरात चार दिवस एकत्र येऊन ती बसत नाही.

पुढचा कप बघशील तेव्हा गुणफलकावर नजर ठेवू नकोस. प्रत्येक सेफ्टीनंतर पांढरी आणि आडवा बॉल यांच्यात किती फट राहिली तेवढंच बघ. आणि तुमच्या पार्लरमध्ये पूलचं टेबल मोकळं मिळालं तर हे करून बघ: एक बॉल मध्ये ठेव, त्याच्यामागे दोन बोटांच्या आत पांढरी थांबेल असा स्टन वीसदा मार आणि किती वेळा जमलं ते मला कळव. माझ्या मते तुझे दहा-बारा व्हावेत. स्नूकरवाल्यांचा हात या कामाला तयार असतो.

काकूंना नमस्कार सांग, छोटीला आशीर्वाद. उत्तराची वाट बघतो.

तुझा,
अविनाश