चेंबरचा नट भंगारात गेला, आता सिद्ध काय करू?

प्रति,
मा. मंत्री,
अन्न, नागरी पुरवठा व ग्राहक संरक्षण विभाग,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

माननीय मंत्रिमहोदय,
स. न. वि. वि.

मी जुन्नर तालुक्यातला. स्वतःची पिकअप स्वतःच चालवतो. हंगामात नारायणगावच्या बाजारात टोमॅटो भरायचा, आळेफाट्यावरून माळशेज उतरायचा, कल्याणमार्गे वाशी गाठायची आणि दुपारपर्यंत रिकामी गाडी घेऊन घरी यायचं, हे माझं काम. गाडीवर कर्ज आहे आणि घरात दुसरी कमाई नाही.

गेल्या जुलैत मी गाडी सर्व्हिसिंगला टाकली. ऑईल, ऑईल फिल्टर, डिझेल फिल्टर, एवढंच काम होतं. प्रकरण जिल्हा ग्राहक आयोगापुढे असल्यामुळे गॅरेजचं नाव इथे घेत नाही. संध्याकाळी गाडी मिळाली, ३,८०० रुपये रोख दिले आणि वहीतून फाडलेला एक कागद हातात आला. त्यावर फक्त आकडा होता. पक्कं बिल मी मागितलं नाही, कारण रात्री ८० क्रेट भरायचे होते.

माळशेज उतरताना पाऊस आणि धुक्यात ऑईलचा लाल दिवा लागला. घाटात जागच्या जागी गाडी उभी केली असती तर मागचा ट्रक अंगावर आला असता, म्हणून पुढचं वळण ओलांडून कडेला घेतली. तेवढ्यात आतून ठोके यायला लागले आणि इंजिन जाम झालं. बॅटरी घेऊन खाली वाकलो, तर चेंबरचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑईलच्या टाकीचा, नट जागेवर नव्हता. भोकाचे आटे गेलेले होते आणि त्यात पांढऱ्या टेपचे तुकडे अडकले होते. नट जादा आवळला की चेंबरचे आटे जातात. अशा वेळी चेंबर बदलायचं असतं, निदान गाडीमालकाला सांगायचं असतं. माझ्या गाडीला टेप गुंडाळून नट तसाच बसवला होता. ओल्या हातांनी मोबाईलवर फोटो काढला, तो निम्मा धूसर आला.

सकाळी माल दुसऱ्या गाडीत चढवला. गॅरेजवाल्यांनी टोचन करायला स्वतःहून गाडी पाठवली आणि मला त्याचं बरंही वाटलं. दोन दिवसांनी गेलो, तर मला न विचारता इंजिन खोलून ठेवलेलं. चेंबर नवीन, नट नवीन. जुनं कुठे आहे विचारलं, तर म्हणाले, भंगारात गेलं. मग ऐकवलं की खालून दगड लागून चेंबर फुटलं, दिवा लागल्यावरही तुम्ही गाडी चालवली, क्रँक आणि बेअरिंगं गेली, १ लाख १० हजारांचं काम आहे. काम नको म्हटलं, तर खोलायची मजुरी ६,००० रुपये दिल्याशिवाय गाडी सोडायला तयार नाहीत. विम्याकडे गेलो. अपघात नसेल आणि यंत्रातला बिघाड असेल, तर नेहमीच्या गाडीविम्यात तो बसत नाही.

कारागिराला मजुरी मिळेपर्यंत वस्तू अडवून ठेवायचा हक्क १८७२ च्या करार कायद्याने दिला आहे आणि तो मला मान्य आहे, कष्टाचे पैसे बुडता कामा नयेत. पण त्याच कायद्याचं कलम १५१ सांगतं, की ताब्यात घेतलेली वस्तू शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूसारखी जपावी. माझी गाडी तशी जपली गेली नाही.

मी ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ खाली तक्रार केली. ५ लाखांपर्यंत फी लागत नाही, वकीलही लागत नाही, घरून ऑनलाइन दाखल करता येते. या सोयींसाठी मी मनापासून आभारी आहे. गॅरेजच्या उत्तरातला पहिलाच मुद्दा असा, की नंबरप्लेट पिवळी आहे, वापर व्यापारी आहे, म्हणून हा ग्राहकच नाही. पोटापाण्यासाठी स्वतः राबणारा माणूस ग्राहकच, असं स्पष्टीकरण कायद्यात असूनही लायसन्स, आरसी, हप्त्यांचे उतारे दाखवण्यात माझ्या दोन तारखा गेल्या. समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३ महिन्यांत, तपासणी लागली तर ५ महिन्यांत निकाल देण्याचा प्रयत्न व्हावा, असं कायदा म्हणतो. तो काळ उलटून गेला आहे.

तारखांचा त्रास मी सोसेन. खरी अडचण पुराव्याची आहे. गॅरेजात बिघडलेली गाडी गॅरेजच्याच ताब्यात असते, तीच माणसं ती खोलतात, तीच जुना माल भंगारात टाकतात, आणि चूक त्यांची होती हे सिद्ध मी करायचं. नट नाही, चेंबर नाही. धूसर फोटो तुमच्याच गाडीचा कशावरून, असं मला भर सुनावणीत विचारलं गेलं.

बाजारातला वजनकाटा ठरलेल्या मुदतीत तपासून त्यावर शिक्का मारायला आपल्याच खात्याचा वैधमापन निरीक्षक येतो. अपघातातली गाडी आरटीओचा मोटार वाहन निरीक्षक तपासतो. गॅरेजच्या हातून इंजिन गेलं, तर बघायला कोणी येत नाही. माझी मागणी एवढीच आहे, की गाडी आत घेताना किलोमीटर, तक्रार आणि ठरलेलं काम लिहून दोघांच्या सह्यांचं जॉब कार्ड झालंच पाहिजे. बदललेला प्रत्येक सुटा भाग मालकाच्या हातात परत यावा. वाद झाला, तर मालकाच्या लेखी परवानगीशिवाय इंजिन खोलू नये आणि तालुक्याच्या आयटीआयमधल्या मोटार मेकॅनिकच्या शिक्षकाकडून दोन दिवसांत तपासणी करून घेण्याची सोय असावी. बिल न देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे, असं २०१९ चा कायदा म्हणतो. गॅरेजांच्या बाबतीत त्याची अंमलबजावणी तरी सुरू करा.

यात मिस्त्रीलोकांचं नुकसान नाही. माझ्या पहिल्या गाडीचं काम करणारे मिस्त्री जुनं बेअरिंग फडक्यात बांधून हातात द्यायचे, कुठे घासलंय ते बोटाने दाखवायचे, मगच पैसे घ्यायचे. अशा माणसाला कागदाची भीती कशाला वाटेल? उलट एखाद्या मालकाने खोटा आळ घेतला, तर तोच कागद त्यांना वाचवेल.

मी सध्या दुसऱ्याच्या पिकअपवर ड्रायव्हर म्हणून जातो, आणि माझ्या बंद गाडीचा हप्ता त्याच पगारातून भरतो. आपण बोलावलंत, तर फोटो, आयोगातले कागद आणि वहीतून फाडलेला तो चिटोरा घेऊन मंत्रालयात येईन. आठवड्यातून तीनदा वाशीला माझी खेप असतेच.

आपला,
जुन्नर तालुक्यातील एक पिकअपचालक