विषय: स्किप प्रोटेक्शनच्या ‘४५ सेकंदां’बाबत तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

महोदय,

आपल्या पोर्टेबल सीडी प्लेअरच्या खोक्यावर ‘४५ सेकंद स्किप प्रोटेक्शन’ असे ठळक छापले आहे, म्हणजे हादऱ्याने सीडी वाचता आली नाही तरी मेमरीत आधीच साठवलेला आवाज तेवढा वेळ वाजत राहतो. हे ४५ सेकंद मिळतात, पण आवाजाचा दर्जा उतरवून. ते ना खोक्यावर लिहिले आहे, ना माहितीपुस्तिकेत. तक्रार आहे ती याची.

ऑडिओ सीडीला दर सेकंदाला १,७६,४०० बाइट लागतात. प्लेअरमधली मेमरी १६ मेगाबिटची, म्हणजे सुमारे २१ लाख बाइट. मूळ दर्जाचा आवाज त्यात जेमतेम १२ सेकंद मावतो. ४५ सेकंद बसवायचे तर आवाजाचा १६ बिटांचा प्रत्येक नमुना (त्या क्षणाच्या आवाजाचे मोजमाप) ४ बिटांवर आणावा लागतो, आणि कानाला ते कळते. झांजेचा झणकार विरताना खरखरीत होतो; पियानोचा एकटा सूर लांबला की त्यामागे बारीक सरसर ऐकू येते.

खात्री करून घेण्यासाठी गाणे पूर्ण एक मिनिट वाजू दिले, मग प्लेअर सतत हलवत आवाज तुटेपर्यंतची वेळ मोजली. स्किप प्रोटेक्शनचे बटण १ वर (मूळ दर्जा) असताना ११ सेकंद, २ वर (उतरवलेला दर्जा) ४४. प्लेअर बंद करून पुन्हा सुरू केला की तो आपोआप २ वर जातो, म्हणजे चांगला आवाज हवा असेल तर दर वेळी आठवणीने बदलायचे.

मेमरी भरायला लागणाऱ्या वेळेबद्दलही पुस्तिका गप्प आहे. तबकडी दुप्पट वेगाने वाचली जाते; सेकंदाला दोन सेकंदांचा आवाज आत येतो, एक वाजून जातो, शिल्लक राहतो एकच. म्हणून २ वर मेमरी भरायला पाऊण मिनिट लागते. प्ले दाबल्या दाबल्या चालू लागणाऱ्याचे गाणे तुटणारच. धावताना तर लेन्सला ट्रॅक सापडतो न सापडतो तोच पुढचा हादरा बसतो आणि मेमरी रिकामी होत जाते. नवा माणूस प्लेअरच बिघडला असे समजून दुरुस्तीला नेईल. पुस्तिकेत मात्र ‘बटण दाबा’ एवढेच वाक्य!

मागण्या अशा: खोक्यावर दोन्ही आकडे दर्जासह छापावेत, मेमरी किती भरली ते पडद्यावर दिसावे आणि निवडलेली सेटिंग प्लेअर बंद केल्यावरही कायम राहावी. हा प्लेअर परत घेऊन पूर्ण रक्कम द्यावी. पावती सोबत जोडली आहे.

आपला,
एक ग्राहक