सई, विषय छोटा घे

पिंपळनेर, ता. साक्री

चि. सईस अनेक आशीर्वाद.

आबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी बांधून ओट्यावर बसलेले असतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला नुसत्या आवाजावरून ओळखून दाखवतात. "पोर काय करी ऱ्हायनी?" हा रोजचा प्रश्न. मी "स्पॅनिश" म्हटलं की "अजून?" म्हणतात.

तू पाठवलेली यादी वाचली. ए लेव्हलच्या (म्हणजे ब्रिटनमधल्या बारावीच्या) तोंडी परीक्षेच्या प्रोजेक्टसाठी तीन विषय: फ्लामेन्को हे स्पेनचं नाच-गाणं, चित्रकार फ्रिदा काहलो आणि बार्सेलोनाचा फुटबॉल क्लब. विषय विद्यार्थ्यानेच निवडायचा असतो, तेव्हा निर्णय तुझा. पण मत विचारलंयस म्हणून सांगतो. तिन्ही विषय फार मोठे आहेत आणि तिन्हींवर सगळ्यांनाच थोडंथोडं बोलता येतं.

परीक्षा कशी आहे बघ. दोन मिनिटं तू मांडणी करायची आणि पुढची नऊ-दहा मिनिटं परीक्षक विचारणार. दोन मिनिटं पाठ करून कुणीही काढेल. फ्रिदाचा जन्म १९०७ चा, १९२५ मध्ये बसचा अपघात, दिएगो रिव्हेराशी लग्न, कोयोआकानचं निळं घर. हे संपलं की पुढे काय? परीक्षक "का?" म्हणून विचारेल, आणि तू "मला वाटतं ती खूप धाडसी होती" असं काहीतरी म्हणशील. स्पॅनिशमध्ये ते छान वाटेल, पण त्यात काही नसेल. तुमच्या अभ्यासक्रमात 'हिस्पॅनिक समाज', 'हिस्पॅनिक संस्कृती' असे शब्द पानोपानी आहेत. वीसेक देश आहेत त्यात. पॅटागोनियातला मेंढपाळ आणि माद्रिदची नर्स यांना एका वाक्यात बसवायला गेलं की ते वाक्य खोटंच होतं. "लॅटिन अमेरिकेत कुटुंबाला फार महत्त्व असतं" हे वाक्य तू मागच्या निबंधात लिहिलं होतंस. कुठे महत्त्व नसतं गं?

याउलट 'बेर्नार्दा आल्बाचं घर' वाचत होतीस तेव्हाचं तुझं बोलणं मला आवडायचं. ते नाटक एका गावातलं, एका घरातलं आहे. नवरा वारला म्हणून आठ वर्षं सुतक, दारं-खिडक्या बंद, आत पाच मुली. तू आधी फक्त त्या घराबद्दल बोलायचीस. मग एक दिवस सांगितलंस की लोर्काने ते जून १९३६ मध्ये पुरं केलं, दोन महिन्यांत ग्रानादाजवळ त्याला गोळ्या घातल्या, प्रेत अजून सापडलेलं नाही, आणि नाटक रंगमंचावर आलं ते १९४५ मध्ये, तेही स्पेनमध्ये नाही, ब्वेनोस आयरेसला. तिथून तू हुकूमशहा फ्रँकोवर आलीस, मग सामूहिक कबरी, मग २०१९ मध्ये फ्रँकोचे अवशेष त्या डोंगरातल्या स्मारकातून हलवले त्यावर. कुणी 'विसाव्या शतकातला स्पेन' असा विषय दिला असता तर तू इतकं वाचलं असतंस असं मला वाटत नाही.

ते नाटक निबंधाच्या पेपरला आहे, म्हणून प्रोजेक्टला चालणार नाही. 'ताम्बियेन ला युविया'चंही तेच. वाईट वाटलं, कारण तो सिनेमा आपण दोघांनी बघितला तेव्हा बोलिव्हियातल्या कोचाबांबाचं २००० सालचं पाण्याचं आंदोलन तुझ्या डोक्यात बसलं होतं. खासगी कंपनीकडे पाणी गेलं, बिलं वाढली, शहर रस्त्यावर उतरलं, एप्रिलमध्ये सरकारला करार सोडावा लागला. तू मला म्हणाली होतीस, "बाबा, पाणी कुणाचं हा प्रश्न इतिहासात का नाही शिकवत?"

त्यावरून माझ्या डोक्यात एक आलं. स्पेनमधल्या व्हॅलेन्सिया शहराचं पाण्याचं न्यायालय. त्रिबुनाल दे लास आग्वास.

दर गुरुवारी दुपारी बारा वाजता, कॅथेड्रलच्या 'अपोस्टल्स' दाराबाहेर, आठ माणसं गोल मांडलेल्या लाकडी खुर्च्यांवर बसतात. अंगात काळे, शेतकऱ्याचे सैल डगले. हे सिंदिको. तुरिया नदीतून निघणाऱ्या पाटांवरच्या शेतकऱ्यांनी आपल्यातूनच निवडून दिलेले. वकील नसतो आणि लेखी कैफियतही नसते. कुणी पाळी सोडून पाणी घेतलं, कुणी पाट साफ केला नाही, कुणाच्या पाण्याने शेजाऱ्याचा वाफा बुडाला, की त्याला उभं करायचं, दोन्ही बाजू तोंडी ऐकायच्या आणि तिथेच निकाल. अपील नाही. कुणी बोलायचं ते अध्यक्ष पायाने खूण करून सांगतात. मला सगळ्यात पटलेला नियम वेगळाच आहे. भांडण नदीच्या डाव्या काठच्या पाटावरचं असेल तर निकाल उजव्या काठच्या सिंदिकोंनी सुचवायचा, आणि उजव्याचं असेल तर डाव्यांनी. आपल्या पाटावरच्या माणसाला आपलं पाणी कमी-जास्त करून दाखवायचा मोहच नको.

१२३८ मध्ये जाउमे राजाने शहर जिंकलं, पण पाण्याच्या मुसलमान काळातल्या वहिवाटी तशाच चालू ठेवल्या. २००९ मध्ये युनेस्कोने मुर्सियाच्या अशाच मंडळासोबत या न्यायालयाला वारसा यादीत घेतलं. त्याच वर्षी एलिनोर ऑस्ट्रॉम यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं; सामाईक साधनं लोक स्वतः कशी सांभाळतात हे मांडताना त्यांनी व्हॅलेन्सियाच्या पाटांचं उदाहरण घेतलं होतं. एवढं वाचलं तरी तुझी दोन मिनिटं झाली.

आता पुढच्या नऊ-दहा मिनिटांचं. तिथे आबा कामाला येतील.

तुला फड माहीत आहे, पण नुसता नावाने. पांझरेवर, मोसमवर अशा नद्यांवर आडवा बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालची जमीन तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात एकच पीक. ऊस तर सगळ्यांचा ऊस, गहू तर सगळ्यांचा गहू. कुणाची मनमानी नाही, कारण एका पिकाला पाणी एका वेळी लागतं. पाणी सोडायला पाटकरी, पीक राखायला जागल्या, त्यांच्यावर हवालदार आणि सगळ्यांच्या वर पंच. आबा पंच होते. पाऊस कमी झाला तर एखादा फड पडीक ठेवायचा, म्हणजे तोटा एकाच्या गळ्यात न पडता सगळ्यांत वाटला जायचा. आता वरती धरणं झाली, विहिरी झाल्या, मोटारी बसल्या. ज्याच्या विहिरीला पाणी तो पंचांकडे कशाला जाईल? फड बरेचसे मोडले. काल मी आबांना व्हॅलेन्सियाचं सगळं वाचून दाखवलं. त्यांनी मध्ये एकदाही वाहवा केली नाही, फक्त प्रश्न विचारले. मी ते लिहून घेतले:

शेवटच्या शेतापर्यंत पाणी पोचतं का, की टेलवाला (पाटाच्या शेवटच्या टोकाचा) तिथेही बोंबलतोच? पाट साफ करायचा खर्च कुणाचा, एकरावर की माणशी? नदीत पाणीच कमी असेल तर कुणाचं कापतात? दंड कोण वसूल करतं, आणि नाहीच दिला तर? बायका बसतात का तिथे?

शेवटचा प्रश्न आजीने आतून विचारला, पण घे. शतकानुशतकं तिथे पुरुषच बसले, बाई आली ती याच शतकात. बाकीची उत्तरं तू शोध. एकाचं मला सापडलं: तिथे पाटाला पाणी लिटरमध्ये ठरलेलं नसतं, नदीत जेवढं असेल त्याचा वाटा ठरलेला असतो. आबा म्हणाले, "मग बरोबर शे."

एक सावधगिरी. परीक्षेत गुण आहेत ते स्पॅनिश भाषक समाजाच्या माहितीला. फडाबद्दल बोलत सुटलीस तर मिनिटं आपल्या साक्री तालुक्यात जातील आणि गुण कोरडे राहतील. फड डोक्यात ठेव आणि बोलताना त्यातून फक्त प्रश्न काढ. इंटरनेटवर हा विषय शोधणाऱ्या दुसऱ्या पोरीला 'टेल' म्हणजे काय हे ठाऊक नसेल. तुला आहे.

आणखी एक गोष्ट तुला आवडेल, कारण त्यावर वाद घालता येईल. न्यायालयाचं कामकाज स्पॅनिशमध्ये चालत नाही, व्हॅलेन्सियन या तिथल्या भाषेत चालतं. १९७८ च्या राज्यघटनेने कास्तिलियन, म्हणजे आपण स्पॅनिश म्हणतो ती, सगळ्या देशाची अधिकृत भाषा ठरवली आणि प्रदेशांच्या भाषांनाही त्यांच्या त्यांच्या प्रदेशात तो दर्जा दिला. म्हणजे स्पॅनिशच्या परीक्षेत तू अशा जागेबद्दल बोलणार जिथे स्पॅनिश बोलली जात नाही. परीक्षक यावर नक्की विचारेल, आणि विचारलं नाही तर तूच त्या बाजूला वळव. आबा फडावर अहिराणीत भांडायचे आणि तहसीलमध्ये मराठीत अर्ज द्यायचे, त्यामुळे हे तुला समजावून सांगायची गरज नाही. अभ्यासक्रमातल्या 'प्रादेशिक ओळख' या प्रकरणातलं हे सगळ्यात जिवंत उदाहरण आहे असं माझं मत.

शंकेलाही जागा ठेव. बऱ्याच गुरुवारी खटलाच नसतो. एकेका पाटाचं नाव पुकारतात, कुणी पुढे येत नाही, आणि काही मिनिटांत सगळे उठतात. भोवती पर्यटक मोबाइल उंच करून उभे. मग हे न्यायालय आहे की देखावा? मला वाटतं भांडणं पाटावरच मिटत असावीत, कारण गुरुवारी चारचौघांत उभं राहायची लाज असते. पण हे माझं वाटणं आहे. तू पुरावा शोध, आणि नाही सापडला तर "मला शंका आहे की..." म्हणून सब्जंक्टिव्ह (स्पॅनिशमधलं शंकेचं क्रियारूप) वापर, दोन्ही कामं होतील.

शिवाय शेतीच आक्रसतेय. शहर वाढत गेलं, तशी भोवतालची ओर्ता, म्हणजे पाटाखालची शेती, कमी होत गेली. ती वाचवायला २०१८ मध्ये कायदा करावा लागला. आणि नदी तर शहरातून उचलूनच नेली आहे. १९५७ च्या पुरानंतर तुरियाला दक्षिणेकडून नवं पात्र खोदलं, जुन्या पात्रात आता बाग आहे. २९ ऑक्टोबर २०२४ चा पूर तुला आठवतो, तेव्हा त्या नव्या पात्राने शहराचा मध्यभाग वाचला, पण पाइपोर्तासारखी दक्षिणेकडची गावं बुडाली. मोबाइलवर इशारा आला तो रात्री आठनंतर. दोनशेहून जास्त माणसं गेली. पाण्याच्या प्रत्येक वाफ्याचा हिशेब ठेवणाऱ्या प्रदेशात पुराचा इशारा वेळेवर का गेला नाही, हा प्रश्न त्या आठ सिंदिकोंच्या अधिकारातला नाही. तो कुणाच्या अधिकारातला, यावरच तिथलं राजकारण पेटलं. इथे फार खोल शिरू नकोस, नाहीतर विषय पुन्हा मोठा होईल.

नंदामावशीचा फोन आला होता. "गणित, केमिस्ट्री ठीक आहे, पण स्पॅनिशने काय होणार?" मी म्हटलं तिला आवडतं. त्यावर ती गप्प बसली नाही, पण मी बसलो.

आई म्हणते ऑक्टोबरच्या सुट्टीत दोघी व्हॅलेन्सियाला जाऊन या. मला चालेल, तिकिटं अजून आवाक्यात दिसतायत. फक्त बुधवारी रात्रीपर्यंत पोचणारं विमान घ्या. स्वस्त मिळतं म्हणून शुक्रवारचं घेऊ नका. बारा वाजायच्या आधी अर्धा तास जागा धरा, आणि झालं की लगेच जेवायला पळू नका. पुकारा करणाऱ्या माणसाला थांबवून आबांचे प्रश्न विचार. तो व्हॅलेन्सियनमध्ये सुरू झाला तर नम्रपणे 'उस्तेद' (तुम्ही) म्हणून कास्तिलियनमध्ये सांगायची विनंती कर. 'तू' म्हणू नकोस, वयाने मोठा असेल.

आणि फ्लामेन्कोच घ्यायचं ठरवलंस, तरी निदान एक गाव आणि एक घराणं धर.

तुझा,
बाबा

ता. क. बॉयलरचा माणूस मंगळवारी येणार आहे. आई कामावर असेल, तू घरी थांब.