बॅकवॉटरच्या रस्त्याला फाटक कशाला?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात तापीवरच्या हतनूर धरणाच्या बॅकवॉटरला, म्हणजे धरणामागे साठलेल्या पाण्याच्या काठाला, प्लॉट असलेल्या एका गृहस्थांचं पत्र आलं होतं, की शनिवार-रविवारी बाहेरची पोरं येतात, बाटल्या फेकतात, गाड्या आडव्या लावतात, गुरं-बकऱ्या कंपाउंडपर्यंत येतात, म्हणून आम्ही सगळ्या प्लॉटधारकांनी मिळून रस्त्यालाच फाटक लावायचं ठरवलंय आणि प्रशासनाने सहकार्य करावं. तर साहेब मी पण त्याच लेआउटमधला, भुसावळचा, रेल्वेतून रिटायर झालेला माणूस, आणि "सगळ्यांनी मिळून" हे वाचून जरा हसूच आलं कारण मला कोणी विचारलं नाही, शेजारच्या सरांना पण नाही. ज्यांनी ठरवलं ते चार-पाच जण ग्रुपवर रोज सकाळी फुलांचे फोटो टाकतात आणि रस्त्याच्या मुरमाचे पैसे मागितले की गायब.

बाहेरच्यांचा त्रास खोटा आहे असं मी म्हणत नाही. बाटल्या फुटतात, काचा बकऱ्यांच्या पायात जातात, हे खरंय. पण फाटक ज्या रस्त्याला लावायचंय तो रस्ता आपला नाही हो. लेआउटचा रस्ता शेवटच्या प्लॉटला संपतो, पुढे जो उतरतो तो जुना पाणंद रस्ता आहे, धरण व्हायच्या आधी लोक त्यानं शेतात जायचे, ती शेतं आता पाण्याखाली आहेत. त्याच रस्त्याने भोई लोक पहाटे जाळी घेऊन होडीपर्यंत जातात, त्याच रस्त्याने बकऱ्या पाण्यावर जातात, आणि पाणी ओसरलं की गाळपेरवाले पण तिकडूनच जातात. गाळपेर म्हणजे काय हे आमच्या जळगावच्या नवीन प्लॉटधारकांना माहीत नसतं म्हणून सांगतो, पाणी जसं मागे सरकतं तशी जी गाळाची जमीन उघडी पडते ती पाटबंधारे खातं एका हंगामापुरती कसायला देतं आणि त्यात पहिला हक्क ज्यांची जमीन धरणात गेली त्यांचा असतो. हरभरा, दादर म्हणजे आपली रब्बीची ज्वारी, कुठे टरबूज. एका प्लॉटधारकाने मला विचारलं होतं की हे लोक आपल्या समोर अतिक्रमण कसं काय करू राहिलेत! ज्याच्या बापाची काळी जमीन त्या पाण्यात गेली त्याला आपण अतिक्रमण म्हणायचं, आणि आपण दोन-चार वर्षांपूर्वी खरेदीखत केलं तर आपण मालक.

कायद्याचं पण सांगून ठेवतो, मी वकील नाही पण तहसीलला बऱ्याच चकरा मारल्यात. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ चा आहे, त्याच्या कलम ५ खाली वहिवाटीचा रस्ता कोणी अडवला तर तहसीलदार अडथळा काढायला लावू शकतो, अर्ज मात्र अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. म्हणजे फाटकाचा खर्च आपला, तोडायची नामुष्की पण आपलीच. आणि महाशिवरात्रीला चांगदेव-मुक्ताबाईच्या यात्रेला दिंड्या निघतात तेव्हा काही वारकरी याच काठाकाठाने येतात, त्यांना वॉचमन काय आधार कार्ड मागणार आहे का? गावातल्या एका म्हाताऱ्या भोई काकांनी फाटकाची गोष्ट ऐकली तर मला म्हणे, "काहो भाऊ, आता पान्यालेबी कुलूप लावता का?" मी काय उत्तर देणार.

आता हद्दीचं बघा. धरणासाठी घेतलेली सरकारी जमीन पाण्याच्या काठाला संपत नसते, वर हद्दीच्या दगडापर्यंत असते. आमच्याकडे निदान दोन प्लॉटचं तारेचं कंपाउंड त्या दगडाच्या पलीकडे गेलंय, एकाने तर दगडालाच चुना मारून त्यावर कुंडी ठेवलीय, दिसायला छान दिसते हं. यात सगळी चूक घेणाऱ्याची नाही, विकणारे पण पोचलेले असतात. हतनूरचं गणित वेगळं आहे, पावसाळ्यात वर मध्य प्रदेशात नि विदर्भात पाऊस झाला की तापी-पूर्णेला पूर येतो, ४१ दरवाजे आहेत ते उघडतात, पाणी मुद्दाम खाली ठेवतात, आणि धरण भरून घेतात ते पावसाळा सरत आल्यावर. त्यामुळे ज्याला ऑगस्टमध्ये प्लॉट दाखवला त्याला वाटतं अरे भर पावसाळ्यात पाणी एवढं लांब आहे म्हणजे आपण सेफ, आणि दिवाळीत येऊन बघतो तर पाणी पेरूच्या झाडाला टेकलेलं. ज्याला दिवाळीत दाखवला त्याची उलट गत, लेक टच म्हणून जास्त पैसे मोजले आणि मे महिन्यात सेहेचाळीस डिग्रीत समोर नुसता भेगाळलेला चिखल. म्हणून प्लॉट घेताना पूर्ण संचय पातळी, म्हणजे धरण पूर्ण भरलं की पाणी जिथवर चढतं ती, कुठे येते ते विचारा, निळी पूररेषा म्हणजे २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, दोन्ही नकाशावर बघा. सातबारा सगळे बघतात, पूररेषा कोणी बघत नाही. आणि गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडून विकणाऱ्यांपासून तर लांबच राहा, तुकडेबंदीचा कायदा १९४७ पासून आहे, २०२३ ला जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे असं प्रमाणभूत क्षेत्र केलं, म्हणजे शेतीचा त्याहून लहान तुकडा पाडता येत नाही. शंभर रुपयांच्या स्टॅम्पवर लिहून दिलेल्या तीन गुंठ्यांचं पुढे काय होतं ते तहसीलच्या बाहेर झाडाखाली बसलेल्या लोकांना विचारा.

पण मला सगळ्यात जास्त बोलायचंय ते संडासाच्या टाकीबद्दल, जेवणाच्या वेळी वाचत असाल तर माफ करा. त्या गृहस्थांनी पत्रात लिहिलंय की जलपर्णी वाढली, सरकार काही करत नाही. अहो जलपर्णी खाते काय? नायट्रोजन आणि फॉस्फरस, म्हणजे आपलाच मैला आणि साबणाचं पाणी. मोठ्या गावांचं सांडपाणी नदीत येतं ते आहेच, पण आमच्या कोपऱ्यात जी दाटी होते ती बरोबर आमच्या नाल्याच्या तोंडाशी होते, हा काही योगायोग नाही. आमच्याकडे जवळपास प्रत्येकाने टाकी बांधली आणि पुढे शोषखड्डा खणला, मिस्त्रीने शहरात बांधतो तसाच बांधून दिला. पण इथली जमीन काळी, चिकण, ओली झाली की फुगते आणि पाणी पिऊच देत नाही, वरून धरण भरलं की जमिनीतलं पाणी पण वर येतं, मग शोषखड्डा शोषणार कुठे? तो भरतो, वास येतो, मैल्याचा टँकर बोलावला तर रस्ता खराब म्हणून तो येत नाही, मग काय, रात्री एक पाइप नाल्यात. नाला धरणात. आणि त्याच तापीचं पाणी खाली भुसावळला नळाला जातं, म्हणजे आमच्यापैकी निम्म्यांच्या घरी.

याला उपाय आहेत हो, फार खर्चाचे पण नाहीत. आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी टाकीत सोडूच नका, ते वेगळं काढून कर्दळीच्या आणि केळीच्या वाफ्यात सोडा, आपल्या भागात केळी कशी लावायची हे तर कोणाला शिकवायला नको. टाकी दोन कप्प्यांची तरी पाहिजे आणि तळ पक्का, खाली उघडी टाकी म्हणजे टाकी नाहीच. आणि सगळ्यात सोपं म्हणजे चार-पाच घरांत मिळून एक मोठी टाकी, पाण्यापासून लांब, वरच्या अंगाला रस्त्याजवळ, जिथे टँकर पोचेल. मी हे मीटिंगमध्ये मांडलं तर एक डॉक्टर साहेब म्हणाले, दुसऱ्याच्या मैल्यात मी पार्टनरशिप करणार नाही. आता यावर काय बोलायचं, आत्ता सगळ्यांची पार्टनरशिप धरणातच आहे.

लॉनचं पण तेच. धरणातून पाणी उचलायला परवानगी लागते, गाळपेरवाल्याने इंजिन लावलं की लगेच आमच्यातलं कोणीतरी फोटो काढतं आणि स्वतःची मोटर उन्हाळ्यात रात्रभर लॉनवर चालू. भर उन्हाळ्यात भुसावळात बायका नळाची वाट बघत बसतात तेव्हा इकडे हिरवंगार गवत, मला तरी ते बघवत नाही. कडूनिंब लावा ना, चिंच लावा, सावली पण मिळेल.

आणखी एक गोष्ट कोणी बोलत नाही ती कुत्र्यांची. शनिवारी आले की लाडाने पोळ्या, मटणाची हाडं, बिस्किटं, आणि रविवारी संध्याकाळी गाडीत बसून सगळे पसार. मधले पाच दिवस त्या कुत्र्यांनी खायचं काय? ती टोळी करून बकरीच्या पिल्लांवर जातात, उन्हाळ्यात टिटवीची अंडी उघड्या जमिनीवर असतात ती साफ करतात. गावातल्या एका बाईची दोन करडं गेली, तिला भरपाई कोण देणार, प्लॉटधारक म्हणतात कुत्री आमची नाहीत. बरोबर आहे, पोळ्या मात्र तुमच्या होत्या.

हिवाळ्यात तर भरीत पार्ट्या. भरताला माझा विरोध असायचं कारणच नाही, मी खानदेशी माणूस आहे, कापसाच्या काड्यांवर भाजलेलं वांगं आणि कळण्याची भाकरी मिळाली की मला दुसरं काही लागत नाही. पण भरीत खायला डीजे कशाला लागतो? ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे आहेत, रात्री १० ते सकाळी ६ स्पीकर बंद, आणि हे नियम आपण दुसऱ्यांच्या लग्नाच्या वेळी बरोबर पाठ म्हणून दाखवतो. याच दिवसांत बाहेरून पक्षी येतात, लालसरी, चक्रवाक, पट्टकादंब, लांबलांबून लोक दुर्बिणी घेऊन बघायला येतात आणि आमच्याकडून फटाके आणि ड्रोन. (पट्टकादंब हरभऱ्यात उतरतात म्हणून गाळपेरवाले वैतागतात हे पण खरंय, पण ते थाळी वाजवून हाकलतात, त्यांचं आणि पक्ष्यांचं ते जुनं भांडण आहे, त्यात आपण पडू नये.) आणि पार्टीनंतरच्या प्लास्टिकच्या प्लेटा-ग्लास, ज्यावर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, त्या सोमवारी वाऱ्याने कुठे जातात ते काठावर येऊन बघा, बाहेरच्या पोरांच्या बाटल्यांपेक्षा त्याच जास्त सापडतील.

विजेची डीपी म्हणजे ट्रान्सफॉर्मर जळाला तेव्हाची गोष्ट तर विचारूच नका. वर्गणी कोणी द्यायची यावर एवढा वाद झाला की तेवढ्या वेळात गावच्या शेतकऱ्यांनी पाठपुरावा करून ती बदलून आणली, आणि त्यांच्याच पाण्याच्या मोटरींवर आमच्यापैकी काहींनी आधी तक्रार केली होती. रस्त्याला मुरूम टाकायला ट्रॅक्टर पण गावातूनच येतो, साप निघाला तर सर्पमित्र पोरगा पण गावातलाच, उन्हाळ्यात वाळलेल्या गवताला आग लागली तेव्हा पाण्याचे ड्रम घेऊन पळत आले ते पण तेच. आणि फाटक लावून अडवणार कोणाला, तर यांनाच.

मला म्हणायचंय ते एवढंच की फाटकासाठी जे पैसे गोळा व्हायचेत ते आधी मैल्याच्या टाकीला आणि रस्त्याला लावा. संस्था करायची तर रीतसर नोंदवून करा, नुसती ग्रुपवरची नको, हिशोब दरवर्षी सगळ्यांसमोर ठेवा, आणि मीटिंगला मच्छीमार संस्थेचा एक माणूस, गाळपेरवाल्यांचा एक आणि बकऱ्यावाल्यांचा एक बोलवा, त्यांना मत द्यायचं की नुसतं बसवायचं हे नंतर ठरवू पण बोलवा तर खरं. बाटल्या फेकणाऱ्या पोरांसाठी शनिवारी-रविवारी संध्याकाळी गावातली दोन पोरं पगारावर ठेवता येतील, ती येणाऱ्याला ओळखतात, कोण कोणाचा पोरगा आहे त्यांना माहीत असतं आणि घरी सांगू का म्हटलं की निम्मे तिथेच सरळ होतात. गाळाचं पण बघा, गाळमुक्त धरण गाळयुक्त शिवार योजना २०१७ ला आली, उन्हाळ्यात शेतकरी गाळ न्यायला ट्रॅक्टर आणतात तेव्हा धूळ उडते म्हणून मागच्या खेपेला आमच्यातल्यांनी रस्ता अडवला होता. हतनूरला गाळाचा केवढा प्रश्न आहे हे सगळा जिल्हा बोलतो, कोणी फुकटात काढून नेतोय तर महिनाभर खिडक्या लावून घ्यायला काय हरकत आहे?

रविवारी सकाळी १० वाजता लेआउटमधल्या मारुतीच्या ओट्यावर मीटिंग ठेवलीय, या वेळी निरोप मला पण आलाय. पत्र त्याच्या आधी छापलंत तर बरं होईल, काही लोक ग्रुपवर वाचत नाहीत पण पेपर वाचतात. नंतर छापलंत आणि तोवर फाटक लागलेलं असलं तर माझा तहसीलचा अर्ज लिहून तयार आहे, आपल्याच शेजाऱ्यांच्या विरोधात द्यायला जिवावर येईल पण देणार.

आपला,
एक प्लॉटधारक, भुसावळ