मंत्रिसाहेब, तुमच्या कोनशिलेवर घोसाळ्याचा वेल चढलाय

मा. मंत्री महोदय यांसी,
सप्रेम नमस्कार.

खात्याचं नाव मुद्दाम घातलेलं नाही. भूमिपूजनाला आलात तेव्हा तुमच्याकडे एक खातं होतं, मध्ये दुसरं आलं, हे पत्र टेबलावर पोचेपर्यंत तिसरं असेल. म्हणून पत्र आपलं माणसाला.

मी दिंडोरी तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. तीन एकर बाग, त्यातली एक एकर वाइनच्या द्राक्षांची, शेनिन ब्लाँ जातीची. बागेच्या कडेला पाहुण्यांसाठी चार खोल्या काढल्यात, कर्ज काढून. पत्रास कारण की, गेल्या शनिवारी संध्याकाळी मुंबईचं एक वयस्कर जोडपं आमच्याकडे यायला निघालं होतं. लग्नाला चाळीस वर्षं झाली म्हणून मुलीने बुकिंग केलेलं. कसारा घाट चढले, नाशिक ओलांडलं, सगळं सुखरूप. माझ्या फाटकापासून तीनशे मीटरवर गाडीचं चेंबर फुटलं. रस्त्यावर ऑइलचा काळा ओघळ अजून आहे, येऊन बघा. क्रेनवाल्याने साडेपाच हजार घेतले. आजी ओट्यावर बसून होत्या, पायाला धूळ, हातात पर्स घट्ट धरलेली. आमच्या मंडळींनी पिठलं-भाकरी केली तर दोन घास खाल्ले आणि रात्री दहाला टॅक्सी बोलावून परत गेले. जाताना म्हणाल्या, ‘बाग छान आहे हो तुमची.’ अंधारात काय दिसली असेल त्यांना!

हा तोच रस्ता, साहेब. तीन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत तुम्ही याच रस्त्याचा नारळ फोडलात. ‘वाइन पर्यटनाचा राजमार्ग’ हे शब्द तुमचे. साडेतीन किलोमीटरचा राजमार्ग. पुतण्याने खड्डे मोजले ते एकशे चौदा, मी मोजले तर एकशे नऊ. काही खड्ड्यांत खड्डे आहेत, तिथे आमचं एकमत होत नाही. कोनशिला मात्र शाबूत आहे. तिच्यावर घोसाळ्याचा वेल चढलाय, तुमच्या नावातली शेवटची दोन अक्षरं तेवढी दिसतात.

त्या दिवशी तुम्ही पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून लाकडी टबात उतरलात, द्राक्षं तुडवलीत, कॅमेऱ्याकडे बघून हसलात. फोटो सगळ्या पेपरात आला. तुम्हाला कोणी सांगितलं नसेल म्हणून सांगतो, टबातली द्राक्षं वाइनची नव्हती. ती थॉमसन होती, खायची बिनबियांची, एक्स्पोर्टमधून नापास झालेली, आदल्या दिवशी शेजाऱ्याकडून क्रेटच्या भावाने आणलेली. वाइनचा मणी बारका असतो, सालीला जाड, आत बी. तुमच्या पायाला ते बी टोचलं असतं तर फरक कळला असता. नंतर पाय धुवायला टँकर मागवला. आमच्याकडे तेव्हा ड्रिपला पाणी पुरत नव्हतं.

तुमच्या वाइन पर्यटनाच्या पुस्तिकेत नाशिकचा इतिहास दीड ओळीत आहे आणि उरलेली पानं सूर्यास्ताच्या फोटोंची. इथे द्राक्ष आकाशातून पडलं नाही. १९२५ साली ओझरला रावसाहेब जयराम कृष्ण गायकवाडांनी ते लावलं, तिथून हा व्यवसाय जिल्हाभर पसरला. राजीव सामंतांनी अमेरिकेतून येऊन गंगापूर धरणाजवळच्या गवताळ माळावर वाइनच्या जाती लावल्या तेव्हा माणसं हसली होती, आमचे वडीलसुद्धा. २००० साली त्यांच्या ‘सुला’ वायनरीची पहिली बाटली आली आणि हसणं थांबलं. २००१ मध्ये सरकारने द्राक्ष प्रक्रिया धोरण आणलं, करात सवलती दिल्या, विंचूरला आणि तिकडे सांगलीत पलूसला वाइन पार्क काढले. मुरमाड निचऱ्याची जमीन, समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास उंची, दिवसा ऊन आणि रात्री बोचरा गारवा. त्यामुळे साखर भरते आणि आंबटपणाही टिकतो. युरोपात उन्हाळा संपता संपता तोडणी, आमच्याकडे जानेवारी ते मार्च. वेलीला वर्षातून दोनदा कात्री, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोडी छाटणी. हे पाहायला माणसं येतात, साहेब. सकाळी त्र्यंबकेश्वर, दुपारी मिसळ, संध्याकाळी धरणाच्या पाण्यावर ऊन उतरताना हातात ग्लास. यात वाईट काय आहे? मला तरी काही दिसत नाही. आणि मी माळकरी आहे.

हो, माळकरी. वाइनची बाग आहे, पण थेंब चाखलेला नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर रसाचा थेंब टाकून ब्रिक्स, म्हणजे साखर किती भरली ते बघतो, बावीसच्या पुढे गेलं की वायनरीला फोन करतो. तिथे माझा संबंध संपतो.

धोरणावर विश्वास ठेवून आम्ही २००४ साली तीनही एकरांवर वाइनची लागवड केली. २००८ ची मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली, मागणी गेली. ज्या वायनरीशी करार होता तिचा चेक परत आला. एकदा नाही, दोनदा. दोन एकर बाग आम्ही स्वतःच्या हाताने तोडली. चार-पाच वर्षांची वेल, मनगटाएवढं खोड, डॉगरिज जातीच्या खुंटावर भरलेलं कलम. वडील बांधावर पाठ करून बसले होते. लाकूड पावसाळाभर चुलीला पुरलं. त्या वर्षी एकही मंत्री टबात उतरला नाही.

तरी एक एकर ठेवली, कारण अक्कल नाही. त्यानंतर डाऊनी, भुरी असे वेलीचे रोग पाहिले, २०२३ च्या नोव्हेंबरअखेरची गारपीट पाहिली. निफाडकडचा पारा खाली आला की आमच्याकडेही पहाटे तीनला उठून बागेत शेकोट्या पेटवतो, मणी तडकू नये म्हणून पाणी सोडतो. मुंबईचे पाहुणे याला ‘किती रोमँटिक’ म्हणतात. म्हणोत बिचारे, ते पैसे देतात.

आता कायद्याकडे येतो. माझ्या बागेतल्या द्राक्षांची वाइन माझ्याच ओट्यावर पाहुण्याला द्यायची तर मला परवाना पाहिजे. २०२० साली सरकारने कृषी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याचा कागद घेऊन मी एका कार्यालयात गेलो. त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्याने पहिल्याचं पत्र मागितलं. एकूण अकरा खेपा, किंवा बारा. शेवटी एक साहेब हळूच म्हणाले, ‘काका, माळ घालून हे कशाला मागता?’ मी म्हटलं, सरकार पण तेच करतंय की.

करतंयच. २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळाने ठरवलं, शंभर चौरस मीटरच्या वरच्या दुकानांत वाइन विकता येईल, शेतकऱ्यांचं भलं होईल. अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला, गावोगाव ठराव झाले, आमच्या सप्ताहात महाराजांनी दोन तास वाइनवर कीर्तन केलं आणि मी पुढच्या रांगेत टाळ घेऊन उभा. मग सरकारने हरकती-सूचना मागवल्या आणि निर्णय गारठला. विरोध करणाऱ्यांचा मला राग नाही, त्यांनी घरं मोडताना पाहिलीत. राग तुमचा येतो. टबात उतरायचं असेल तर वाइन म्हणजे शेतमाल. मतं मागायची असतील तर वाइन म्हणजे दारू. आणि महसूल मोजायचा असेल तर दोन्ही. २० टक्के व्हॅट घ्यायचा, त्या विसातले १६ वायनरीला परत द्यायची योजना काढायची, आणि परतावा वर्षानुवर्षं लटकवायचा. वायनरी मला सांगते, सरकारकडून आलं नाही म्हणून तुमचं थांबलंय. मी कोणाला सांगू? बागेच्या औषधांच्या दुकानदाराला?

‘वाइन राजधानी’ म्हणे. ‘लाखो पर्यटक’ म्हणे. मोजले कोणी? माझ्या चार खोल्यांत गेल्या वर्षी दीडशेच्या आत-बाहेर माणसं आली, वही आहे माझ्याकडे. त्यातली निम्मी तरी पुन्हा न येण्याचं कारण विचारलं तर रस्ता म्हणाली. नाशिक व्हॅलीच्या वाइनला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हाला वाटलं, आता आमच्या मातीचं नाव झालं. झालं. नाव मातीचं, बाटली वायनरीची, फोटो तुमचा आणि खड्डे आमचे. सिंहस्थ जवळ आलाय, पुन्हा नकाशे रंगवणं चालू आहे. त्या नकाशावर आमचं गाव आहे का, एवढं तरी कळवा.

मागण्या करायच्याच तर दोन. रस्ता करा. आणि ज्याची बाग आहे त्याला आपल्या अंगणात आपल्याच द्राक्षाची वाइन देण्याचा छोटा, स्वस्त, एका खिडकीचा परवाना द्या. अनुदान नको. अभ्यास दौऱ्यासाठी फ्रान्सला जायचं असेल तर जा, पण जाण्याआधी एकदा आमच्याकडे या. कारने नाही, एसटीने.

आजी खोलीत एक बाटली विसरून गेल्यात. परवा लेबल वाचलं. माझं पीक घेणारीच वायनरी, आमचंच शेनिन. मुलीला फोन केला तर म्हणाली, ‘राहू द्या काका, तुम्हीच घ्या.’ बाटली फ्रीजमध्ये आहे, भाजीच्या कप्प्यात, कोथिंबिरीशेजारी. पाहुण्याला देऊ तर परवाना नाही, मी घेऊ तर माळ आहे. तुम्ही आलात की घेऊन जा.

आपला,
दिंडोरी तालुक्यातील एक बागायतदार